राखेतला न जळलेला कार्बन लेझरने मोजणं आपल्याकडे जमेल का?

भट्टीवाला
मंडळी, नमस्कार. मी विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात एफिशियन्सी विभागात आहे, ५०० मेगावॅटचं युनिट. विषय नेहमीचाच, फ्लाय ॲशमधला, म्हणजे धुराबरोबर उडणाऱ्या बारीक राखेतला, अनबर्न्ट (न जळलेला) कार्बन. सध्या पद्धत अशी की शिफ्टमधला माणूस ईएसपीच्या (धुरातली राख विजेने पकडणाऱ्या यंत्राच्या) हॉपरखालून डबाभर राख आणतो, ती लॅबला जाते, तिथे वाळवून मफल फर्नेसमध्ये जाळून एलओआय, म्हणजे जाळल्यावर घटलेलं वजन, काढतात आणि आकडा आमच्या टेबलावर येतो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोपर्यंत कोळसा बदललेला असतो. सकाळी वेकोलिचा (वेस्टर्न कोलफील्ड्सचा), संध्याकाळी महानदी कोलफील्ड्सचा, मध्येच वॉश्ड (धुतलेला), कधी थोडा इंपोर्टेड मिसळलेला. म्हणजे जो आकडा हातात येतो तो अशा कोळशाचा जो आता बंकरमध्ये नाहीच.

आता एक सप्लायर लेझर स्पेक्ट्रोस्कोपीवाला ॲनालायझर घेऊन आलाय. धुराच्या डक्टमधून राख ओढायची, तिच्यावर लेझर मारायचा आणि मिनिटा-दोन मिनिटाला कार्बनचा टक्का कंट्रोल डेस्कवर दाखवायचा. प्रेझेंटेशन छानच होतं. माझे प्रश्न दोन. आपल्या राखेवर, जिच्यात कार्बन अर्धा ते दोन टक्केच असतो, तिथे हे खरंच चालेल का? आणि आकडा मिनिटाला मिळाला तरी आपण त्याचं करणार काय? कोणी प्रत्यक्ष चालवलंय का, किंवा लॅबमध्ये तरी हाताळलंय का?

राखाडी_बगळा
लेझर नाही, पण आमच्याकडे मायक्रोवेव्हवाला होता. पहिलं वर्ष बरं गेलं. मग सॅम्पलिंगचा पाईप पावसाळ्यात ओल धरून चोक व्हायला लागला, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपली, आता नुसतं पॅनेल उभं आहे. मशीन कुठलंही घ्या, आधी पाईपचं बघा.

सुमेधा_पुणे
मी लेझरवाली आहे, पॉवर प्लांटवाली नाही, तेव्हा माझ्या बाजूचं सांगते.

तुम्ही म्हणताय ते बहुतेक लिब्स (लेझर-इंड्यूस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपी). नॅनोसेकंदांचा एक पल्स, साधारण एनडी-याग लेझरचा, १०६४ नॅनोमीटरचा, भिंगातून राखेच्या अगदी छोट्या बिंदूवर आणायचा. ऊर्जा काही दहा मिलिज्यूलच असते पण वेळ इतका कमी आणि जागा इतकी लहान की तिथली राख बाष्प होऊन प्लाझ्मा होतो, तापमान दहा हजार केल्विनच्या घरात जातं. सुरुवातीचा उजेड सगळ्या रंगांचा सरमिसळ असतो, त्यातून काही कळत नाही, म्हणून मायक्रोसेकंदभर थांबून मग स्पेक्ट्रोमीटर उघडायचा. तेव्हा प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या लहरलांबीवर रेघ देतं. सिलिकॉन २८८.१६, कॅल्शियम ३९३.३७, आणि कार्बन २४७.८६ नॅनोमीटरला. रेघ किती उंच यावरून प्रमाण काढायचं.

तंत्र जुनं आहे, लेझरची ठिणगी वापरून वर्णपट काढायचे प्रयोग १९६२ पासूनचे. क्युरिऑसिटी रोव्हरवर मंगळावर गेलंय, आणि चांद्रयान-३ च्या प्रज्ञानवर जे उपकरण होतं, ज्याने ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण भागात गंधक असल्याचं दाखवलं, तेही लिब्सच, इस्रोच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत बनलेलं. तेव्हा देशात माहितगार माणसं नाहीत असं अजिबात नाही.

वऱ्हाडी_पाखरू
राजेहो, म्हणजे चंद्रावर चालते, मंगळावर चालते, अन आमच्या हॉपरखाली काऊन नाही चालणार? 😄

सुमेधा_पुणे
@वऱ्हाडी_पाखरू, भाऊ, चंद्रावरचा दगड एका जागी गप्प बसलेला असतो आणि कोणी त्याला दर मिनिटाला अर्धा टक्का की पाऊण टक्का असं विचारत नाही. तुमची राख १४० अंशाच्या गॅसमध्ये उडत येते आणि काचेवर जाऊन बसते.

वऱ्हाडी_पाखरू
हे पटलं बा. आमची राख जेवणाच्या डब्यात बी बसते.

हिशोबनीस
मला मूळ मुद्दाच कळला नाही. अर्धा ते दोन टक्के कार्बन म्हणजे किती? परदेशात पाच-सहा टक्क्यांवर बोंब मारतात. आपलं तर उत्तम चाललंय की, मग लाखो रुपयांचं यंत्र कशाला?

भट्टीवाला
@हिशोबनीस, हाच गैरसमज आमच्या वरिष्ठांचाही आहे, म्हणून आकडे मांडतो. टक्का कशाचा तर राखेचा. आणि आपल्या कोळशात राखच ४० टक्के. ५०० मेगावॅटला पूर्ण लोडवर तासाला साधारण ३५० टन कोळसा लागतो, त्यातून १४० टन राख, त्यातली ८० टक्के फ्लाय ॲश धरली तर तासाला ११२ टन. तिच्यातला कार्बन दोन टक्क्यांवरून एक टक्क्यावर आणला तर तासाला १.१५ टन कार्बन वाचतो. कार्बनची उष्णता किलोला ८०८० किलोकॅलरी, आपला कोळसा ३४०० धरा, म्हणजे तासाला पावणेतीन टन कोळसा. दिवसाला ६५ टनांच्या आसपास, अख्खी एक वॅगन. दोन महिन्यांत एक रेक (अख्खी मालगाडी) राखेबरोबर बाहेर गेली.

आता १० टक्के राखेचा आणि ६००० उष्मांकाचा बाहेरचा कोळसा घ्या आणि त्याच्या राखेत पाच टक्के कार्बन धरा. बॉयलरचा तोटा येतो ०.५७ टक्के. आपल्याकडे फक्त एक टक्का कार्बनला तोटा ०.८ टक्के. तेव्हा त्यांचे पाच आणि आपला एक यांची तुलना करूच नये.

हिशोबनीस
हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. दिवसाला एक वॅगन! मुद्दा मान्य, यंत्र नाही अजून.

मिल_काका
मी निवृत्त झालोय पण बत्तीस वर्षं बॉयलर मेंटेनन्समध्ये काढली, तेव्हा चार शब्द ऐका.

अनबर्न्ट वाढतो तो बहुतेक वेळा मिलमुळे, म्हणजे कोळसा दळणाऱ्या यंत्रामुळे. गिरणीत दळण जाडं आलं तर भाकरी नीट होत नाही, तसंच हे. २०० मेशच्या चाळणीतून ७० टक्के पावडर गेली पाहिजे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण खरा त्रास ५० मेशच्या (मोठ्या भोकांच्या) चाळणीवर राहणाऱ्या जाड कणांचा, ते एक-दोन टक्क्यांच्या वर गेले की संपलं, कारण तेवढा मोठा कण भट्टीतल्या दोन सेकंदांत जळूनच होत नाही. ७० टक्के बरोबर येतंय म्हणून लोक निर्धास्त असतात आणि ५० मेश कोणी बघतच नाही. बाऊल मिलचे रोलर झिजले, क्लासिफायरच्या (जाडे कण परत मिलमध्ये पाठवणाऱ्या भागाच्या) एखाद्या पात्याला भोक पडलं, की राख काळी व्हायला लागलीच. दुसरं कारण हवा. इकॉनॉमायझरनंतर ऑक्सिजन साडेतीन टक्के दाखवतो आणि सगळे खूश, पण त्यातली निम्मी हवा भट्टीच्या तळाशी, पेंटहाऊसमधून, मॅनहोलमधून आत शिरलेली असते, ती बर्नरपाशी गेलेलीच नसते.

आम्ही राख हातावर घेऊन रंगावरून सांगायचो. लेझर वाईट आहे असं म्हणत नाही. पण महिन्यातून एकदा सगळ्या मिलचं फाईननेस सॅम्पल नीट काढलं, चारही कोपऱ्यांच्या पाईपमधून, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

योकोहामाकर
मिल_काकांच्या मुद्द्याला जोडूनच. मी इथे जपानमध्ये बॉयलर कंट्रोलमध्ये आहे. २००३ मध्ये एक पेपर आला होता, १००० मेगावॅटच्या कोळशाच्या युनिटवर स्वयंचलित लिब्स बसवून राखेतला कार्बन सतत मोजला, नेहमीच्या पद्धतीशी ताडून पाहिलं तर स्टँडर्ड डेव्हिएशन ०.२७ टक्के आलं. पण त्यातली माझ्या मते खरी गोष्ट पुढे आहे. नुसतं मोजून थांबले नाहीत, तो आकडा बॉयलर कंट्रोलला दिला आणि त्यावरून मिलच्या फिरत्या सेपरेटरचा, म्हणजे फिरत्या क्लासिफायरचा, वेग बदलला. कार्बन वाढला तर सेपरेटर जोरात फिरवायचा, पावडर बारीक होते. कमी असेल तर हळू, मिलची वीज वाचते. भट्टीवाला, तुमच्या मिलवर फिरता क्लासिफायर आहे का?

भट्टीवाला
नाही ना. स्थिर आहे, पाती हाताने सेट करायची.

योकोहामाकर
मग तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. मिनिटाला आकडा आला तरी फिरवायला मूठच नाही.

प्रणोती_डेस्क
असं कसं म्हणता? मी डेस्कवर बसते, मुठी भरपूर आहेत. एक्सेस एअर आहे, बर्नर टिल्ट आहे, सेकंडरी एअरचे डॅम्पर आहेत, कुठली मिल सर्व्हिसमध्ये ठेवायची आणि कुठलीवर किती लोड द्यायचा हे आहे. अडचण अशी की हे सगळं आम्ही अंदाजाने करतो. ऑक्सिजन थोडा वाढवला की ड्राय गॅस लॉस (धुराबरोबर जाणारी उष्णता) वाढतो हे लगेच दिसतं, एफडी-आयडी पंख्यांचे ॲम्पिअर वाढतात तेही दिसतं, पण कार्बन किती कमी झाला ते मात्र उद्या कळणार. म्हणजे तोटा समोर दिसतो आणि फायदा दिसत नाही, मग कोण कशाला हवा वाढवेल? आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये नॉक्सचे (नायट्रोजन ऑक्साईड्सचे) नियम आल्यापासून ओव्हरफायर एअर आणि लो-नॉक्स बर्नर बसवतायत, तेव्हा नॉक्स कमी करायला जावं तर कार्बन वर. नॉक्सचा आकडा चिमणीवरून क्षणाक्षणाला येतो आणि कार्बनचा दुसऱ्या दिवशी. हा तराजू एका डोळ्याने कसा बघायचा? मला ट्रेंड द्या, अचूक टक्का नसला तरी चालेल, वर जातोय की खाली एवढं कळलं तरी रात्रीच्या शिफ्टमध्ये मी काहीतरी करू शकते.

मिल_काका
प्रणोती बेटा, हे मात्र तू शंभर टक्के बरोबर बोललीस. आमच्या वेळी हे मिळालं असतं तर.

क्रुसिबल
मी केमिस्ट, आणि सगळे लॅबवर घसरलेत म्हणून लिहिते. पहिली गोष्ट, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो कारण तिन्ही शिफ्टची सॅम्पलं एकत्र सकाळी येतात. एक सॅम्पल वेळेवर आणून द्या, वाळवणं, जाळणं, डेसिकेटरमध्ये थंड करणं, परत वजन, सगळं धरून चार तासांत देते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एलओआय म्हणजे कार्बन नव्हे. जाळल्यावर जे काही वजन घटतं ते सगळं एलओआय. नीट न भाजलेली चिकणमाती असेल तर तिच्यातलं पाणी निघतं, कॅल्शियम कार्बोनेट असेल तर कार्बन डायऑक्साईड निघतो, आणि उलट लोहाचं ऑक्सिडेशन झालं तर वजन वाढतं. भट्टी ७५० ला ठेवली की ९५० ला यावरसुद्धा आकडा हलतो. एलओआय पाच टक्के असेल तेव्हा या गोष्टी पोटात जातात. आपल्याकडे एकूण एलओआयच टक्काभर, त्यातला कार्बन किती आणि बाकीचं किती? सप्लायर जर त्याचं लेझर आमच्या एलओआयवर कॅलिब्रेट करणार असेल तर तो कार्बन मोजत नाहीये, कार्बनच्या रेघेवरून चिकणमातीचं पाणी ओळखायला बघतोय. कॅलिब्रेशनसाठी ॲसिडने कार्बोनेट काढून, मग कार्बन ॲनालायझरवर खरा कार्बन काढलेली सॅम्पलंच वापरा.

सुमेधा_पुणे
@क्रुसिबल ताई, अगदी हेच लिहायला आले होते. कार्बोनेटमधला कार्बनही लेझरला कार्बनच दिसतो, प्लाझ्मात सगळे रेणू फुटतात, तेव्हा न जळलेला कोळसा आणि चुनखडी यात तो फरक करत नाही.

अजून तीन अडचणी सांगते. एक, २४७.८६ ची कार्बनची रेघ आहे तिथेच अगदी चिकटून लोहाच्या रेघा आहेत. आपल्या राखेत लोह भरपूर. कार्बन कमी आणि लोह बदलतं, म्हणजे कोळशाची खाण बदलली की कार्बन न बदलताही आकडा हलेल. १९३ नॅनोमीटरची दुसरी रेघ तशी स्वच्छ आहे पण तो उजेड हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, मग पूर्ण मार्ग नायट्रोजन किंवा आर्गॉनने भरावा लागतो. दोन, गॅस. तुमच्या फ्लू गॅसमध्ये, म्हणजे धुरात, १२-१४ टक्के कार्बन डायऑक्साईड आहे. राख उडत असतानाच डक्टमध्ये लेझर मारला तर त्या गॅसचा कार्बनही रेघेत येणार. राख आधी गॅसपासून वेगळी केलीच पाहिजे. तीन, मॅट्रिक्सचा परिणाम. सिलिका-ॲल्युमिनाचं प्रमाण किंवा कणांचा आकार बदलला की प्लाझ्माच वेगळा बनतो. म्हणून एका रेघेवर न जाता सिलिकॉनशी गुणोत्तर घेतात, किंवा सगळा वर्णपट घेऊन पीएलएससारखं सांख्यिकी मॉडेल बांधतात. चीनमध्ये, विशेषतः ग्वांगजौच्या विद्यापीठात, यावर खूप काम झालंय.

सप्लायरला विचारा की वरच्या तिन्हींचं त्याने काय केलंय. नुसतं एआय आहे म्हणाला तर अजून खोदून विचारा.

आरएमसी_नवी_मुंबई
थोडं विषयांतर. आम्ही रेडीमिक्स काँक्रीटसाठी राख विकत घेणारे. आयएस ३८१२ या राखेच्या भारतीय मानकात एलओआयची मर्यादा पाच टक्के आहे आणि तुमच्याकडची राख त्याच्या खूप खाली असते हे खरं, पण आमचा त्रास वेगळा, तो म्हणजे चढउताराचा. कार्बन सच्छिद्र असतो, ॲडमिक्स्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) पिऊन बसतो. सोमवारचा बल्कर (राखेचा टँकर) अर्ध्या टक्क्याचा आणि मंगळवारचा अडीचचा आला की त्याच डोसला स्लम्प (काँक्रीटचा पातळपणा) पडतो, ड्रायव्हर पाणी मारायला बघतो, साईटवर भांडण. थंड देशांत तर काँक्रीटमध्ये मुद्दाम हवा धरतात, तिथे हा कार्बन अजूनच छळतो. तेव्हा बल्कर भरताना आम्हाला त्या क्षणाचा आकडा मिळाला तर मी राखेला थोडा जास्त भाव द्यायला तयार आहे, आणि हे मी मनापासून सांगतोय.

हिशोबनीस
हे घ्या, पैसे वसूल करायचा रस्ता निघाला. २०२१ च्या डिसेंबरच्या अधिसूचनेनंतर राख पूर्ण खपवायचीच आहे, मग चांगली राख वेगळी सायलोत आणि काळी वेगळी असं करता आलं तर?

कोळशाची_चिमणी
आमचं गाव ॲश पाँडच्या वाऱ्याच्या बाजूला. लेझर बसवा नाहीतर काही करा, पण राख सायलोतून कारखान्यात गेली आणि तळ्यात कमी आली तर आमच्या कापसावर कमी बसेल. एवढंच सांगायचं होतं.

भट्टीवाला
@कोळशाची_चिमणी, ऐकतोय. कोरडी उचल वाढली की तळ्याकडे जाणारी कमी होते, हे सरळ आहे.

राखाडी_बगळा
सगळे लेझरवर बोलताय, मी परत पाईपवर येतो. ईएसपीच्या पहिल्या फील्डमध्ये सत्तर-ऐंशी टक्के राख पडते आणि ती जाडी असते, मागच्या फील्डची बारीक. जाड्या राखेत कार्बन जास्त. शिवाय डक्टची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी नसते, कोपऱ्यातल्या एका बर्नरचं बिनसलं की एकाच बाजूची राख काळी येते. आता तुमचा लेझर एका पल्सला राखेचा ठिपकाभर बघणार आणि डक्टमधून तासाला शंभर टन जाणार. तो ठिपका त्या शंभर टनांच्या वतीने बोलतोय याची खात्री काय? आयसोकायनेटिक ओढलं नाही, म्हणजे नळीतला वेग आणि गॅसचा वेग जुळवला नाही, तर जाडे कण कमी-जास्त येणारच. दोन्ही डक्टवर दोन प्रोब लागतील. सप्लायरने कोटेशनमध्ये किती दिलेत?

भट्टीवाला
एक.

राखाडी_बगळा
बघा.

एमटेक_पोरगा
सर/मॅडम, मी नागपूरला एमटेक करतोय, आमच्या डिपार्टमेंटला लेझर आणि स्पेक्ट्रोमीटर आहे. राखेवर प्रोजेक्ट करू का? राखेची गोळी दाबली तर सुटून भुगा होते, बाईंडर म्हणून स्टार्च टाकला तर चालेल का?

क्रुसिबल
अरे बाळा, स्टार्च म्हणजेच कार्बन! 😀 तू टाकलेलाच मोजत बसशील.

सुमेधा_पुणे
पोटॅशियम ब्रोमाईड वापर, त्यात कार्बन नाही. आणि गोळी फिरती ठेव, प्रत्येक पल्स नव्या जागी पडू दे, शेकडो पल्सची सरासरी घे. एकाच खड्ड्यात मारत राहिलास तर आकडा घसरत जाईल. गॉगल १०६४ चाच घाल, तो उजेड डोळ्याला दिसत नाही पण डोळा घालवतो. प्रोजेक्ट जरूर कर, आपल्याकडच्या जास्त राखेच्या, कमी कार्बनच्या सॅम्पलवर काम व्हायला हवंय. परदेशातल्या राखेवरचं कॅलिब्रेशन इथे उचलून लावता येत नाही.

एमटेक_पोरगा
थँक्यू मॅडम. भट्टीवाला सर, सॅम्पल मिळतील का?

भट्टीवाला
परवानगी काढून देतो. पत्र आण गाईडचं.

योकोहामाकर
मूळ प्रश्नाकडे येऊ. माझं मत असं. ०.२७ टक्के विचलन तिकडच्या काही टक्के कार्बनला पुरेसं होतं, तुमच्या एक टक्क्याला ते पाव हिस्सा झालं. सरासरी घेऊन कमी-जास्त होणारा भाग आटोक्यात येईल, पण खाणीप्रमाणे जो एका बाजूला सरकणारा भाग आहे तो सरासरीने जात नाही. तेव्हा विक्रीच्या कागदावर लेझरचा आकडा लिहू नका, तिथे लॅबच राहू दे. डेस्कला मात्र ट्रेंड म्हणून द्या. प्रणोती म्हणतायत तेच.

प्रणोती_डेस्क
आणि ट्रेंड कुठल्या मिलमुळे हलला हेही बाजूला दिसू दे. मिल बंद-चालू केल्याची वेळ आणि कार्बन एकाच स्क्रीनवर आलं तर मिल_काकांचं ५० मेशवालं निदान आम्ही शिफ्टमध्येच करू.

भट्टीवाला
सगळ्यांचे आभार, खूप मिळालं. मी आता असं ठरवलंय की लगेच खरेदी नाही, सप्लायरला आधी ट्रायल लावायला सांगायची. दोन्ही डक्टवर प्रोब. त्याने काढलेलंच सॅम्पल दोन भागांत वाटून एक भाग आमच्या लॅबला, म्हणजे सॅम्पलिंगचा फरक आणि लेझरचा फरक वेगवेगळा दिसेल. ट्रायलमध्ये निदान तीन प्रकारचा कोळसा आलाच पाहिजे, आणि मधल्या काळात त्याने कॅलिब्रेशनला हात लावायचा नाही. अजून काय घालू?

क्रुसिबल
आमच्याकडून प्रत्येक सॅम्पलचा एलओआय आणि खरा कार्बन दोन्ही देऊ, लोहही काढून देऊ. आकडा चुकला तर लोहामुळे चुकला का ते लगेच कळेल.

मिल_काका
ट्रायल सुरू व्हायच्या आधी सगळ्या मिलचं फाईननेस काढून ठेव. नंतर काढलंस तर कशाशी ताडणार?

राखाडी_बगळा
पावसाळ्यात लाव ट्रायल. उन्हाळ्यात सगळंच चालतं. आणि काच कोण पुसणार, नायट्रोजनचा सिलिंडर कोण बदलणार, ते माणसाच्या हुद्द्यासकट करारात लिहून घे.